केबिन उतरवण्याआधी: जुन्या पिकअपची कामं कोणत्या क्रमाने करावीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १९६६ चा शेवरोले सी-१० पिकअप, सरळ सहा सिलिंडरचं २५० घनइंची इंजिन, गाडी बरीच वर्षं उभी. केबिनचे मागचे खालचे दोन्ही कोपरे आणि दाराखालचा उंबरा, म्हणजे रॉकर पॅनेल, सडलंय. हौद्याच्या, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या भागाच्या, फळ्या कुजल्यात. जागा एका गाडीपुरती, हाताशी छोटं मिग वेल्डिंग मशीन (तार आणि वायू वापरून पत्रा जोडणारं) आणि कंप्रेसर. बेत असा की सगळी गाडी सुटी करायची, केबिन चासीवरून, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावरून, उतरवायची, सगळ्याला सँडब्लास्ट (कणांच्या माराने रंग-गंज काढणं) आणि रंग मारून घ्यायचा, आणि शेवटी ब्रेक-इंजिनाकडे वळायचं. तुम्ही विचारलंय की केबिन एकट्याने कशी उतरवावी.

केबिन उतरवणं अवघड नाही. मोजके बोल्ट, स्टिअरिंगचा दांडा, वायरिंग, ब्रेक-क्लचची जोडणी, हीटरचे पाइप, आणि उचलायला चेन-पुली किंवा चार माणसं. पण ती आत्ता उतरवावी का, हा आधीचा प्रश्न आहे, आणि त्यावर माझं उत्तर स्पष्ट ‘नको’ असं आहे.

उंबरा आणि कोपरा हे नुसते दिसायचे पत्रे नव्हेत. दाराच्या चौकटीची खालची बाजू त्यांच्यावर तोललेली असते. ती बाजू सडलेली असताना केबिन उचलली की पुढचा आणि मागचा खांब एकमेकांपासून दूर जातात किंवा जवळ येतात. मग नवा उंबरा तुम्ही कितीही नीट जोडा, तो वाकलेल्या चौकटीला जोडलेला असतो. हे कळतं रंग झाल्यावर, दार लावताना, जेव्हा वरची फट तीन मिलिमीटर आणि खालची नऊ दिसते. तेव्हा करण्यासारखं फारसं काही उरत नाही. दुसरं कारण जागेचं. सुटी केलेली गाडी उभ्या गाडीच्या दुप्पट-तिप्पट जागा खाते, आणि एका गाडीच्या शेडमध्ये कामापेक्षा सामान हलवण्यातच रविवार संपतो. गाडी शेवटपर्यंत स्वतःच्या चाकांवर ढकलता येईल अशी ठेवा. घरच्या शेडसाठी मी हा नियम सहसा मोडू देत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. चासीच जाळी पडल्यासारखी सडली असेल, तर केबिन उतरवावीच लागेल, पण तीही चौकट आतून जखडल्यावर. हे तपासायला स्क्रू ड्रायव्हरचं टोक आणि छोटी हातोडी पुरे. चासीच्या दोन्ही लांब पट्ट्या, आडव्या पट्ट्यांचे रिव्हेट आणि मागच्या ट्रेलिंग आर्मचे (मागचा ॲक्सल चासीला धरणाऱ्या लांब दांड्यांचे) आधार ठोकत जा. घट्ट लोखंड खणखणतं, सडलेलं बद्द वाजतं. स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवती वायर ब्रशने घासून तडे शोधा. मग चारही कोपऱ्यांजवळचे सारखे बिंदू धरून कर्ण मोजा. दोन कर्णांत तीन मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर मी निश्चिंत असतो, पाचच्या पुढे गेला तर आधी चासी सरळ करून घेतो. दुसरी गोष्ट, गाडी प्रदर्शनात ठेवायची आहे की वापरायची. तुम्ही ‘रोज चालवायचीय’ असं लिहिलंय, म्हणून पुढचं सगळं त्या हिशोबाने आहे.

सुरुवात इंजिनापासून, पण खोलण्यासाठी नव्हे. सगळे स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, एक दिवस राहू द्या. मग क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या बोल्टवर पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे द्या. अडलं तर जोर लावू नका, आणखी तेल आणि आणखी वेळ द्या. गाडी चालू होऊन गरम झाली की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा: सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, इग्निशन बंद, प्रत्येक सिलिंडरवर स्टार्टरचे पाच-सहा झटके. या इंजिनाला साधारण १३० पीएसआय (दाबाचं एकक) अपेक्षित असतं, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांतला फरक जास्त बोलतो. समजा १३०, १२५, १२८, १२०, ८०, १२५ असं आलं. पाचव्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर दोघांच्या मधलं हेड गॅस्केट गेलंय. सगळे आकडे जवळजवळ असतील आणि गरम इंजिनाला ऑइलचा दाब असेल, तर इंजिन खोलू नका. चालतं इंजिन ‘आता सुटं केलंच आहे तर’ म्हणून उघडणं हा घरच्या कामातला सर्वांत महागडा मोह आहे. मागून पुढून सील, गॅस्केट, पाण्याचा पंप, पट्टा आणि होज बदला. स्पार्कचा क्रम १-५-३-६-२-४, वायरी उलटसुलट झाल्या तर हाच क्रम लावा.

यानंतर ब्रेक, आणि इथे मी घाई करू देणार नाही. १९६६ च्या या गाडीत मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा) एकाच सर्किटचा आहे. म्हणजे एखादा पाइप फुटला, एक होज गेला किंवा एका चाकाचं सिलिंडर गळलं, तर चारही चाकांचा ब्रेक जातो. पुढच्याच वर्षी, १९६७ च्या मॉडेलपासून, दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर आला: पुढची चाकं एका भागावर, मागची दुसऱ्यावर. जुनेपणा जपण्याची तुमची इच्छा मला समजते, पण हा एक बदल मी प्रत्येक चालवायच्या गाडीत करतो. घेताना तो ड्रम-ड्रम, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक असलेल्या, गाडीचाच आहे याची खात्री करा. ड्रमच्या लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह लागतो, त्यामुळे चाकाच्या सिलिंडरमधले रबरी कप पसरलेले राहतात. पुढे डिस्क असलेल्या गाडीचा मास्टर सिलिंडर बसवला तर पुढच्या लाइनला तो व्हॉल्व्ह मिळत नाही, आणि पहिल्या दाबाला पेडल खोल जातं. माणूस मग दिवसभर ब्रेकच्या तेलातली हवा काढत बसतो, आणि हवा तिथे नसतेच.

तीनही रबरी होज न बघता बदला. जुना होज बाहेरून ठीक दिसतो, पण आतून फुगलेला असतो. पेडल दाबल्यावर तेल पुढे जातं, सोडल्यावर परत येत नाही, आणि चाक धरून राहतं. पाइप तांबे-निकेलचे घ्या, वाकवायला सोपे जातात आणि गंजत नाहीत. टोकं ४५ अंशांच्या दुहेरी फ्लेअरचीच (दुमडून पसरवलेली) करा. पाण्याच्या नळाला लावतात तसे दाबून बसवायचे जोड ब्रेकच्या लाइनला कधीही लावू नयेत.

शूज (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे) बसवताना होणारी नेहमीची चूक: एका चाकातले दोन शू सारखे नसतात. आखूड लायनरचा शू गाडीच्या पुढच्या बाजूला, लांब लायनरचा मागच्या बाजूला. उलट बसले तर ब्रेक लागतो, पण अर्ध्या जोराने, आणि कारण सापडत नाही. एका वेळी एकच बाजू खोला म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहील. ड्रम मूळ व्यासापेक्षा ०.०६० इंच, म्हणजे दीड मिलिमीटरहून जास्त मोठा झाला असेल तर टाकून द्या. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, तेव्हा ड्रममधली धूळ हवेच्या नळीने उडवू नका. पाण्याने भिजवून ओल्या कापडाने पुसा आणि ते कापड पिशवीत बंद करून टाका. हवा काढण्याचा क्रम: मास्टर सिलिंडर आधी टेबलावर भरून हवा काढलेला, मग मागचं उजवं चाक, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. म्हणजे लांबून जवळ. डॉट ३ किंवा डॉट ४ चं तेल रंग खातं, सांडलं तर लगेच पाणी ओता.

आता पत्रा. त्याआधी टाकी. या गाडीत पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या मागे असते, म्हणजे तुम्ही जे कोपरे कापणार त्यांच्या अगदी लगत. ग्राइंडर हातात घेण्याआधी टाकी बाहेर काढा, तोंडं बंद करा आणि शेडच्याही बाहेर ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण ठिणगीला वाफ लागते, द्रव नव्हे. बॅटरी सोडा, सीट आणि मॅटिंग काढा. आणखी एक इशारा: क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करू नका. त्याच्या अवशेषातून फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. पत्रा पुसायला ॲसिटोन वापरा आणि पूर्ण वाळू द्या.

कापण्याआधी एक प्रयोग करा. केबिनमध्ये कोणाला तरी टॉर्च घेऊन बसवा आणि पुढच्या काचेखालच्या जाळीवर तांब्याने हळूहळू पाणी ओता. पाणी कुठून आत येतं, पायाजवळच्या बाजूच्या पत्र्यामागून की काचेच्या रबराखालून, हे खडूने लिहून ठेवा. मागच्या काचेलाही तसंच करा. या केबिनचे कोपरे आतून सडतात. वरून झिरपलेलं पाणी आणि माती खालच्या खिशात साचते, निचऱ्याची भोकं बुजतात. गळती तशीच ठेवून नवा कोपरा बसवला, तर तोही त्याच वाटेने जाईल.

मग दारं. दार अर्धं उघडा, मागची कड दोन्ही हातांनी वर उचला. दार बिजागरीत खटखट हललं तर आधी बिजागरीच्या पिना आणि बुश बदला. लटकलेल्या दाराच्या मापाने उंबरा जोडला तर चूक कायमची वेल्ड होते. केबिनखालची रबरं चेपली असतील तर तीही आत्ताच बदला, चारही एकदम. आता कुलपाच्या बाजूचा स्ट्रायकर काढून टाका आणि दार अलगद मिटा. स्ट्रायकर दाराला ओढून जागेवर बसवत असतो, तो नसताना दार खरं कुठे लटकतंय ते दिसतं. चारही बाजूंच्या फटी, प्रत्येक बाजूला तीन-तीन ठिकाणी, ड्रिलच्या बिटांच्या दांड्या सरकवून मोजा आणि आकडे टेपवर लिहून तिथेच चिकटवा. साडेचार-पाच मिलिमीटरची सारखी फट हे माझं लक्ष्य असतं.

चौकट जखडायला २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप घ्या. एक आडवा, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, आणि एक तिरका, खालच्या बिजागरीजवळून वर मागे. आतल्या बाजूने असे टॅक करा (वेल्डचे छोटे ठिपके देऊन धरा) की दार लावता आणि उघडता येईल, कारण दर काही टॅकनंतर ते मिटून बघायचं आहे. एका वेळी एकच बाजू. क्रम आतून बाहेर: केबिनचा आधार, मग आतला उंबरा, तळाच्या पत्र्याची कड, बाहेरचा उंबरा, सर्वांत शेवटी कोपरा.

नवा तुकडा पूर्ण उंचीचा मिळाला तरी पूर्ण वापरू नका. गंज संपल्यावर वर २० ते २५ मिलिमीटर चांगला पत्रा लागला की तिथे कापा. जितका मूळ पत्रा राहील तितका आकार राहतो. कारखान्यात स्पॉट वेल्ड केलेल्या जागी ८ मिलिमीटरच्या स्पॉट कटरने फक्त वरचा थर कापा. नव्या पत्र्याला तेवढीच भोकं पाडून, मध्ये वेल्डिंग चालणारा झिंक प्राइमर मारून, ती भोकं वेल्डने भरा. समोरासमोरच्या जोडाला दोन कडांमध्ये ०.६ ते ०.८ मिलिमीटरची फट ठेवा, म्हणजे वेल्ड आरपार उतरतो आणि पत्रा फुगत नाही.

तार ०.६ मिलिमीटर, वायू ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. हा पत्रा १८ ते २० गेजचा, म्हणजे साधारण १.२ ते ०.९ मिलिमीटर. त्यावर सलग शिवण कधीच ओढू नका. एक सेकंदाचा टॅक, मग दुसऱ्या टोकाला एक, मग मध्यात. ३०-४० मिलिमीटर अंतराने पूर्ण रांग झाली की थांबा. पत्र्यावर उघडा हात टेकवता आला तरच पुढची रांग, आधीच्या टॅकांच्या मधोमध. तापलेला टॅक पाण्याने किंवा हवेने झटकन थंड करू नका. घासतानाही तेच: ग्राइंडर एका जागी रेंगाळला की पत्रा निळा पडतो आणि वेल्डिंगने न वाकलेला तुकडा घासण्याने वाकतो. घाई करणाऱ्याचा कोपरा मी लांबूनही ओळखतो, त्यावर शिवणीच्या रेषेत उथळ खोलगट पट्टा असतो आणि त्यात पुट्टी भरलेली असते. पुट्टी तीन मिलिमीटरच्या वर जाऊ नये. जास्त लागत असेल तर पत्रा ठोकून सरळ करायचा राहिलाय असं समजा.

दोन्ही बाजू झाल्या, फटी जुळल्या, आतले पाइप कापून काढले, की मग केबिन उतरवायची की नाही ते ठरवा. आता ती उचलली तरी वाकणार नाही. इतक्यापर्यंत गाडी स्वतः चालते, थांबते, पत्रा घट्ट आहे. अनेकांना इथे कळतं की उतरवण्याची गरज नाही. हौदा काढला की चासीचा मागचा अर्धा भाग पूर्ण उघडा पडतो, आणि पुढचे मडगार्ड काढले की पुढचा. केबिनखालचा उरलेला भाग आडवं पडून वायर ब्रश आणि इपॉक्सी प्राइमरने नीट होतो.

सँडब्लास्ट चासीला, चाकांना आणि जाड भागांना करा. छत, बॉनेट आणि दारांचे मोठे सपाट पत्रे त्यापासून दूर ठेवा. कणांच्या माराने पत्रा ताणला जातो आणि लाटा येतात, त्या नंतर निघत नाहीत. तिथे ८० नंबरची फिरती डिस्क किंवा रंग काढायचं रसायन. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासताना धुळीचा योग्य मास्क हवाच.

उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका. त्याच दिवशी इपॉक्सी प्राइमरचे दोन हात. फॉस्फोरिक ॲसिडचा गंजनाशक वापरला असेल तर तो डब्यावर लिहिलंय तसा पूर्ण धुऊन वाळवा. ॲसिडचा थर खाली राहिला की इपॉक्सी नंतर पापुद्र्यासारखी सुटते. पुट्टी इपॉक्सीच्या वर, मग जाड थराचा प्राइमर. लांब ब्लॉकवर १८०, मग ३२०, शेवटी ५०० किंवा ६०० चा कागद. प्रत्येक वेळी काळ्या पावडरीचा हलका हात फिरवा म्हणजे खड्डे दिसतात. हार्डनर असलेल्या रंगात आयसोसायनेट (श्वासाला घातक रसायनं) असतात आणि कोळशाचा साधा मास्क त्याला पुरेसा नाही, बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो नसेल तर प्राइमरपर्यंतची मेहनत घरी करा आणि शेवटचा रंग बूथमध्ये मारून घ्या. गाडी तोवर चालती असल्याने ती तिथे स्वतः जाईल, हाही या क्रमाचा फायदा. रंग वाळल्यावर उंबऱ्याच्या आणि कोपऱ्याच्या आत लांब नळीने मेण मारा. निचऱ्याची भोकं मात्र तारेने मोकळी करा.

रंगानंतर बहुतेक तक्रारी विजेच्या येतात, आणि कारण रंगच असतो: नट-बोल्टाखाली तो बसला की अर्थिंग तुटतं. बॅटरी ते इंजिन, इंजिन ते चासी, चासी ते केबिन, अशा तीन जाड पट्ट्या खरवडलेल्या लोखंडावर बसवा. दिवे लावून बॅटरीच्या ऋण टोकापासून केबिनपर्यंत व्होल्टेज मोजा, ०.२ पेक्षा जास्त आलं तर जोड पुन्हा घासा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत.

हौद्याच्या फळ्या बसवण्याआधी चारही बाजूंना आणि विशेषतः कापलेल्या टोकांना वॉर्निश किंवा तेल द्या, पाणी लाकडात टोकांतूनच शिरतं. फळ्यांमधल्या लोखंडी पट्ट्यांचे बोल्ट आधी सगळे सैल बसवा, हौदा चौकोनात आणा, मग आवळा. जुने बोल्ट, कंस, तुटके तुकडे सगळं नमुना म्हणून ठेवा, नवा भाग जागी बसेपर्यंत जुना फेकू नका. पिशव्यांवर चिकटवलेली चिठ्ठी तेलाने गळून पडते, म्हणून एक चिठ्ठी पिशवीच्या आतही टाका.

आता या आठवड्यात तीन मोजमापं घ्या: सहा सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, चासीचे दोन कर्ण, आणि स्ट्रायकर काढून दोन्ही दारांच्या फटी. हे आकडे आणि केबिनच्या चारही आधारांचे खालून काढलेले फोटो पाठवा, म्हणजे कोणती बाजू आधी कापायची ते सांगता येईल.